बाळ पडलं, की सगळ्या नजरा आईकडे



दशलक्षण पर्वातली दुपार. मंदिरातली पूजा आटोपून आठ-दहा जणी आमच्या घरी टेकल्या होत्या. कुणाचा उपवास, कुणाचं एकाशन, त्यामुळे खाण्यापिण्याची गडबड नव्हती, पण गप्पा रंगल्या होत्या. माझा चौदा महिन्यांचा नातू आमच्यामधून इकडून तिकडे दुडूदुडू चालत होता. चालता चालता देवघराच्या उंबरठ्याशी गेला, पाय अडखळला आणि तोंडावर आपटला. खालचा ओठ दातांत सापडला. रक्त आलं.

"अगं, लक्ष कुठं होतं तुझं?"

हे वाक्य माझ्या सुनेला एका दमात चार-पाच जणींनी ऐकवलं. आणि खरं सांगायचं, तर पहिला आवाज माझाच होता.

सून त्याच्यापासून दोन हातांवर बसली होती. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. बाळाला उचललं, ओला रुमाल ओठावर दाबून धरला, "पडलास होय रे, लागलं ना?" एवढंच म्हणाली. तो दोन मिनिटं रडला, मग मांडीवरून खाली उतरण्यासाठी धडपडू लागला. तिनं सोडलं. स्वारी पुन्हा त्याच उंबरठ्याशी! पण या वेळी तो थांबला. उंबरठ्यावर हात ठेवला, खाली बसला, उलटा वळला आणि आधी पाय पलीकडे टाकून मग पोटावरून सरकत उतरला. पलीकडून परत अलीकडे. असं सहा-सात वेळा. तोवर बाकीच्या जणी दुसऱ्या विषयाकडे वळल्या होत्या. त्याचा तो उद्योग बहुधा मी आणि त्याची आई अशा दोघींनीच पाहिला.

त्या दिवसापासून मनात जे घोळतंय, ते आज लिहिते. काही जणींना पटणार नाही, पण लिहिते.

माझं म्हणणं असं की चालायला लागलेल्या मुलाला घरात मोकळं फिरू द्यावं. त्यात ते पडेल, एखादं टेंगूळ येईल, पीठ सांडेल, कप फुटेल. हे सगळं त्याच्या शिकण्यातच मोडतं. आपण मोठ्यांनी जपायचं ते दुसऱ्याच गोष्टींना, आणि नेमकं तिथंच आपण ढिले असतो.

माझ्या मुलाच्या वेळी मी अगदी उलट वागले होते. १९८७ चा त्याचा जन्म. आमचं एकत्र कुटुंब, घरात अकरा माणसं. मूल जरा कुठं धडपडलं, की "हिला पोर सांभाळता येत नाही" हे ठरलेलं. मी नवी सून, बी.कॉम. झालेली, म्हणजे आधीच 'शिकलेली' म्हणून जरा जास्तच नजरेत. मग मी सोपा उपाय काढला. त्याला खाली ठेवायचंच नाही. मी नाही तर जाऊ, जाऊ नाही तर नणंद, सतत कुणाच्या तरी कडेवर. खाली असलाच तर माझं तोंड सुरू, "पडशील, लागेल, तिकडं नको, हात लावू नको." त्याच्या अंगावर कधी ओरखडा दिसला नाही आणि मला बोलणी बसली नाहीत.

तो चार वर्षांचा असताना आम्ही कुंभोज बाहुबलीला गेलो. डोंगराच्या पायऱ्या चढताना त्यानं माझा हात सोडला नाही, आणि उतरताना तर पहिल्याच पायरीवर बसून रडायला लागला. बरोबरीची मुलं धडाधड उतरत होती. हे म्हणत होते, "घाबरतोस कशाला?" मला मनातून ठाऊक होतं, तो का घाबरतो. चार वर्षं मी त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मी जपत होते ते त्याला की मला बसणाऱ्या बोलण्यांना, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आता पडतो.

थोडं मागं जाऊन बघितलं, तर आपल्याकडं मुलाला स्वतःच्या पायांनी शिकू देण्याची चांगली सोय होती. आठवतो का लाकडी पांगुळगाडा? तीन चाकांचा. मूल त्याच्या मागं उभं राहायचं, दांडा धरायचं आणि ढकलत चालायचं. वजन स्वतःच्याच पायांवर असायचं, तोल गेला की मटकन बुडावर बसायचं. त्याच्या जागी प्लॅस्टिकचा वॉकर आला. त्यात मूल झोळीसारख्या बैठकीत लोंबकळतं, पायाच्या बोटांनी जमीन रेटतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या खोलीत पोचतं. जिन्यावरून गडगडणं, गरम भांड्यापर्यंत पोचणं, हे त्या वेगामुळं होतं. कॅनडा देशानं तर २००४ साली असल्या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपण मात्र बारशाला तो हौसेनं भेट देतो, "म्हणजे बाळ सुरक्षित राहील" म्हणून!

लहान मुलाच्या हातांना काम द्या, हे महाराष्ट्राला सांगणारी बाई आपल्यातच होऊन गेली. ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, पुढं १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीनं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून, गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी शिकण्याची साधनं केली. हे सगळं अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलांचं. त्याहून लहान बाळांकडं असंच बघणारी एक डॉक्टर तिकडं हंगेरीत होती, एमी पिकलर. तिनं १९४६ मध्ये बुडापेस्टला अनाथ बाळांसाठी घर सुरू केलं. तिचा नियम साधा होता. बाळाला स्वतःहून बसता येत नसेल तर उशा लावून बसवायचं नाही, उभं राहता येत नसेल तर धरून उभं करायचं नाही. जे जमेल ते त्याचं त्याला जमू द्यायचं. आपण उचलून सोफ्यावर ठेवलेलं मूल पडतं, कारण उतरायचं कसं हे त्याला ठाऊक नसतं. स्वतः चढलेल्या मुलाला बहुतेक वेळा उतरायची वाटही थोडीफार कळलेली असते. हे मी माझ्या नातवावरून रोज पडताळून बघते आहे.

आता मी कॉमर्सची. मला हिशेबाच्या भाषेत नीट कळतं, तसंच सांगते. धंद्यात किरकोळ खर्चाची वही वेगळी असते, पेटी कॅश. चहा-पाणी, रिक्षा, टाचण्या. त्यातल्या प्रत्येक रुपयाला मालक कपाळाला हात लावत बसला तर दुकान चालायचं नाही. पण एखादं नुकसान असं असतं, की त्यात पेढीच बुडते. त्याच्यासाठी आधीपासून तजवीज करावी लागते. टेंगूळ, खरचटलेला गुडघा, चिरलेला ओठ, सांडलेली डाळ ही मुलाची पेटी कॅश आहे. आणि पेढी बुडवणाऱ्या गोष्टी कुठल्या? त्या आपल्या घरांत ढिगानं असतात आणि बहुतेक वेळा आपणच ठेवलेल्या असतात. न्हाणीघरातली भरलेली बादली. मुलाचं डोकं जड असतं, ते वाकून आत तोंडावर पडलं तर त्याला बाहेर येता येत नाही, दोन-तीन इंच पाणीसुद्धा पुरतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बदाम. चार वर्षांपर्यंत ते अख्खे देऊ नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण दाणा श्वासनलिकेत अडकतो. आणि आपण कौतुकानं "खा रे बाळा" म्हणून हातावर ठेवतो. रिमोटमधला, खेळण्यातला चपटा बटन सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. सिंकखालचं फिनेल आणि संडासाचं ॲसिड, डासांच्या मशीनची बाटली, गॅलरीत कठड्याला लावून ठेवलेलं स्टूल, ओट्यावरून लोंबणारी मिक्सरची वायर. आणि मैत्रिणींनो, आपल्या पर्स! त्यात आपल्या बीपीच्या, शुगरच्या गोळ्या असतात, आणि आजीची पर्स हे नातवाचं सगळ्यात आवडतं खेळणं असतं.

या यादीतली एक गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली आहे. ती माझ्यावरची आहे.

आमच्याकडे रोज पाणी गाळून, उकळून घेतलं जातं. गेली चाळीस वर्षं माझी पद्धत ठरलेली. उकळलेल्या प्रासुक पाण्याचं पातेलं खाली फरशीवर परातीत ठेवायचं, परातीत थोडं गार पाणी घालायचं, म्हणजे लवकर निवतं. नातू रांगायला लागल्यापासून सून ते पातेलं गुपचूप उचलून ओट्यावर मागच्या कडेला सरकवून ठेवायची. मला राग यायचा. माझ्या स्वयंपाकघरात ही मला शिकवणार का, असं वाटायचं. पर्वाच्या तीन आठवडे आधी, ती अंघोळीला गेली असताना, मी ते पातेलं मुद्दाम पुन्हा खाली ठेवलं. मुद्दामच. आणि वळून पोळी तव्यावर टाकली. तेवढ्यात बाळ आलं, परातीची कड धरून उभं राहायला गेलं, परात हलली, पातेलं हिंदकळलं आणि त्याच्या दोन बोटांवर पाणी उडालं. किंकाळी ऐकून सून धावत आली. तिनं त्याचा हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला आणि घड्याळ बघून वीस मिनिटं धरून ठेवला. मी हळद आणायला निघाले होते. ती शांतपणे म्हणाली, "आई, हळद नको, तूप नको, पेस्ट नको. फक्त पाणी." बोटं लाल झाली होती, फोड आला नाही. पातेलं पुरतं कलंडलं असतं तर काय झालं असतं, ते लिहायलाही माझा हात धजत नाही.

त्या दिवशी मला कुणीच विचारलं नाही, "लक्ष कुठं होतं तुमचं?" कारण मी आजी. सुनेनं बाहेर कुणाला सांगितलं नाही. तिनं मुलाला सांगितलं की नाही, तेही मला माहीत नाही. आणि तीन आठवड्यांनी, ओठाला जराशी चीर पडली म्हणून चारचौघींत तिला पहिलं बोलणारी मी.

आपल्या शास्त्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे. यत्नाचारानं, जपून वागणाऱ्याचा दोष आणि बेफिकिरीनं वागणाऱ्याचा दोष एक मानलेला नाही. मुनींच्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलायची-ठेवायची. आपण प्रवचनात मान डोलावतो, पिंछीनं जागा झाडून बसणाऱ्या महाराजांना हात जोडतो. मग हिशेब सरळ आहे. उंबरठ्याशी दोन हातांवर बसून मुलाला चालू देणारी आई प्रमादी होती, की उकळतं पाणी जमिनीवर ठेवून पाठ फिरवणारी आजी? आणि त्याच पाचांत भाषा समितीही आहे. घाव फक्त बोटाला बसतो असं नाही.

काही जणी म्हणतील, "आमची मुलं कडेवरच वाढली, काय बिघडलं?" सगळ्यांचं बिघडतं असं मी म्हणतच नाही. पण तेव्हा कडेवर घ्यायला घरात दहा माणसं होती. आता फ्लॅटमध्ये आई एकटी. तिनं पोळ्या लाटायच्या की मूल कडेवर घेऊन फिरायचं? ज्या घरातल्या घातक वस्तू उचलून ठेवल्या आहेत, त्या घरात ती निदान चार पोळ्या निर्धास्त लाटू शकते. मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. नजर हवीच. मूल चढत असेल तर हाताच्या अंतरावर बसायलाही हवं. फक्त हात लगेच पुढं करायचा नाही.

आमच्याकडं काय केलं, ते सांगते. एक दिवस सून आणि मी दोघींनी खरोखर जमिनीवर बसून, सरकत सरकत सगळं घर पाहिलं. माझे गुडघे दुखले, पण सोफ्याखाली एक सेल आणि कपाटामागं गोळीची रिकामी स्ट्रिप सापडली. ओट्याखालची सगळ्यात खालची ट्रॉली बाळाची केली. त्यात स्टीलच्या वाट्या, झाकणं, लाकडी लाटणं, जुना गाळणीचा कपडा. तो सगळं बाहेर काढतो, आणि हल्ली अर्धं परत आतही ठेवतो. आदान-निक्षेपणच की! फरशीवर पायमोजे घालत नाही, अनवाणीच चालतो. गळ्यातला काळा दोरा काढून टाकला, तो कशात अडकला तर फास बसतो. आणि माझ्या तोंडाला मी एक वळण लावते आहे. "पडशील" म्हणायच्या ऐवजी "पाय कुठं ठेवतोस बघ" म्हणायचं. पडलाच, तर ओरडायच्या आधी मनात एक णमोकार म्हणायचा. तेवढ्यात बहुतेक वेळा तो उठून चालायलाही लागलेला असतो. आपण किंचाळलो तर मात्र आपला चेहरा बघून हमखास रडतो.

एक मात्र गांभीर्यानं. डोक्याला मार लागला आणि मूल बेशुद्ध झालं, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, नेहमीपेक्षा सुस्त वाटलं किंवा उठवूनही नीट जागं होईना, आकडी आली, नाक-कानातून रक्त किंवा पाणी आलं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. थेट दवाखाना. उंचावरून पडलं असेल तर ही लक्षणं दिसायची वाटही बघायची नाही. किरकोळ आणि गंभीर यांतला फरक कळला, की किरकोळाला घाबरावं लागत नाही.

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात आम्ही सगळ्या एकमेकींना हात जोडून क्षमा मागतो. दरवर्षी मी सुनेलाही मागते, तिनं वाकून नमस्कार करायचा, मी डोक्यावर हात ठेवायचा, झालं. या वर्षी मात्र त्या दिवशी घरी असलेल्या मैत्रिणींसमोर मी तिला म्हटलं, "त्या दिवशी ओठाला लागलं तेव्हा मी तुला बोलले. आणि त्याची बोटं भाजली होती, ते माझ्यामुळं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं." एकदम शांतता झाली. सून कानकोंडी झाली, मग हळूच म्हणाली, "आई, क्षमा कसली मागता. पण ते पातेलं तेवढं आता वरच राहू दे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पातेलं आता ओट्यावरच मागच्या कडेला निवतं. थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच.

पुढच्या वेळी कुणाकडं गेलात आणि तिथलं बाळ पडलं, तर आईकडं बघू नका. बाळाकडं बघा. रक्त असेल तर ओला रुमाल आणून द्या. नसेल तर गप्पा चालू ठेवा, आणि ते पुन्हा त्याच जागी जाऊन काय करतं, ते मात्र नक्की बघा.